तीनचाकी खोल बर्फात न्यायचीय? आधी टायरची हवा बघा, पाना नंतर उचला

मागच्या आठवड्यात एका ओळखीच्या मुलाचा फोन आला, पुण्याचा पोरगा, इकडे शिकायला आलाय. दादा, एक जुनी होंडा तीनचाकी (रिक्षा नव्हे, मोटारसायकलसारखी बसून चालवायची फुगीर टायरची गाडी) स्वस्तात मिळतेय, बर्फात चालेल ना? म्हटलं चालेल रे, पण आहे तशी नाही चालणार, आणि तू आत्ता मनात जे जे बदल ठरवून बसलायस ना त्यातले निम्मे उलटे पडतील. मग तासभर बोलत बसलो, तेच सगळं इथे लिहून काढतोय.

मी राहतो अमेरिकेत, मिशिगनच्या वरच्या अंगाला, अपर पेनिन्सुलात, कीविनॉ भागात. लेक सुपीरियरवरून येणारा वारा ओलावा उचलतो आणि सगळा आमच्या डोक्यावर आणून ओततो. इथे यूएस ४१ हायवेच्या कडेला बर्फ मोजायची एक उंचच्या उंच पट्टी उभी आहे, तिच्यावर १९७८-७९ च्या हिवाळ्याचा विक्रम लिहिलाय, ३९०.४ इंच. म्हणजे जवळजवळ दहा मीटर, तीन मजली घर. अर्थात एका वेळी एवढा साचत नाही, पण जानेवारीत मांडीपर्यंत भुसभुशीत बर्फ म्हणजे काही विशेष नाही, आणि गाडी गोते खाते ती याच बर्फात.

गाडीबद्दल आधी थोडं. होंडाने १९७० मध्ये ही तीनचाकी अमेरिकेत आणली, तेव्हा नाव होतं यूएस ९०, नंतर एटीसी ९० झालं. हिवाळ्यात मोटारसायकली खपत नाहीत म्हणून डीलर लोकांना विकायला काहीतरी हवं होतं, मूळ कल्पना ती. म्हणजे बर्फ हे या गाडीचं माहेरच म्हणा. पुढे अपघात फार वाढले, १९८८ मध्ये सरकार आणि कंपन्यांमध्ये कोर्टातून समझोता झाला आणि अमेरिकेत नवीन तीनचाकीची विक्री बंद पडली. त्यामुळे आज तुम्हाला जी मिळेल ती चाळिशीला टेकलेलीच असणार. हे विसरू नका. रबर कडक झालेलं, टाकीत गंज, वायरिंगला कुणीतरी टेप गुंडाळून ठेवलेली, हे सगळं गृहीत धरून चला.

कुठली घ्यायची

मिळाली तर बिग रेड. १९८५ ते ८७ ची २५० ईएस, शाफ्ट ड्राइव्ह (चेनऐवजी दांड्याने चाक फिरवणारी), बटण स्टार्ट, शिवाय बॅटरी मेली तर ओढायची दोरी, आणि मुख्य म्हणजे रिव्हर्स. बर्फात रुतल्यावर रिव्हर्सची किंमत काय असते ते रुतल्याशिवाय कळत नाही. मागचे टायर २५ इंच उंच आणि १२ इंच रुंद. वाईट एवढंच की वजनदार आहे, दोनशे किलोच्या आसपास. त्याउलट एटीसी ११० वगैरे छोट्या गाड्या वजनाने जवळपास निम्म्या, रुतली की एकटा माणूस उचलून बाजूला ठेवतो, पण टायर लहान आणि दम कमी. माझ्या शेजारच्या आजोबांकडे अजून एक ११० आहे आणि खरं सांगतो, ताज्या भुसभुशीत बर्फात ते माझ्यापेक्षा लांब जातात. ताकद हवी ताकद हवी म्हणून २५० आर किंवा ३५० एक्सच्या मागे लागू नका, त्या शर्यतीच्या, बारीक टायरच्या गाड्या, बर्फात ताकद फक्त खड्डा खणायच्या कामाला येते.

सगळ्यात आधी टायर आणि हवा

पैसा, वेळ, डोकं जे काही असेल ते इथे घाला. गणित सोपं आहे. फुग्यासारखा टायर जमिनीवर साधारण तेवढाच दाब देतो जेवढा त्याच्या आत हवेचा दाब असतो, वर थोडा रबराच्या कडकपणाचा. या जुन्या एटीसींना कंपनीनेच २.२ पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड, हवेच्या दाबाचं माप) सांगितलेत. हो, दोन पूर्णांक दोन, मोटारसायकलला तीस भरतो आपण. चालताना एका पायावर भार आला की आपणच चार-साडेचार पीएसआय देतो, म्हणून आपण कमरेपर्यंत आत जातो आणि गाडी थोडी वर राहते. पण स्नोमोबाईलचा, म्हणजे पुढे स्की आणि मागे रबरी पट्टा असलेल्या बर्फावरच्या गाडीचा, पट्टा अर्ध्या पीएसआयच्या आसपास देतो. म्हणजे तुम्ही काहीही करा, ही गाडी स्नोमोबाईल होणार नाही, माणूस आणि स्नोमोबाईल यांच्या मध्ये कुठेतरी राहणार, आणि आपली सगळी मेहनत ती थोडी स्नोमोबाईलच्या बाजूला सरकवायची.

आता माझी फजिती ऐका. पहिल्या हिवाळ्यात मी गरम गॅरेजमध्ये बसून, चहा पीत, अगदी मापून २.२ भरली तिन्ही टायरमध्ये. बाहेर उणे पंधरा. दार उघडून गाडी बाहेर काढली, अर्ध्या तासाने बघतो तर मागचे टायर पापडासारखे बसलेले, आणि पहिल्याच वळणावर डावा टायर रिमवरून सुटला. मला वाटलं पंक्चर. टायर काढला, लहानपणी पंक्चरवाल्याकडे बघितलंय तसं टबात बुडवून बुडबुडे शोधले, एक नाही. मग डोक्यात प्रकाश पडला. बाहेरच्या हवेचा दाब १४.७, अधिक आपले २.२, झाले १६.९. वीस डिग्रीवरून उणे पंधराला गेलं की हा एकूण दाब बारा टक्क्यांनी उतरतो, म्हणजे उरतात १४.९, त्यातून १४.७ वजा केले की टायरमध्ये राहिलं काय तर ०.२. कारच्या टायरला हा फरक एवढा जाणवत नाही कारण तिथे मुळात बत्तीस असतात, इथे सगळं भांडवलच दोनाचं.

म्हणून नियम असा, गाडी तासभर बाहेर थंडीत उभी करा आणि मग हवा भरा. कारचा गेज फेकून द्या, शून्य ते दहा पीएसआयचा वेगळा गेज मिळतो तो घ्या. आणि गेजवरही फार विसंबू नका, शिंप्याची कापडी टेप घेऊन दोन्ही मागच्या टायरचा घेर मोजा. २५ इंची टायरला साधारण १९९ सेंटीमीटर यायला पाहिजे, २२ इंचीला १७५. दोन्ही बाजूंचा घेर सारखा नसेल तर गाडी सतत एका बाजूला ओढते कारण मागच्या अ‍ॅक्सलला डिफरन्शियल नाही, दोन्ही चाकं एकाच दांड्यावर फिरतात.

खोल बर्फात मी मागे दीड आणि पुढे दोनच्या आसपास ठेवतो. दीडच्या खाली जायचं तर रिमची कड आधी वायर ब्रशने गंज काढून साफ करा, बीड सीलर (टायरची कड रिमला चिकटवणारा डिंक) लावा, किंवा सरळ ट्यूब टाका. ट्यूब टाकली तरी टायर रिमवर सरकून व्हॉल्व्ह फाटू शकतो, पण निदान हवा एकदम जात नाही. टायर जुने असतील तर नवीन घ्या, शक्यतो पातळ, दोन प्लायचे (म्हणजे आत कापडाचे दोनच थर), बाजू मऊ असलेले. दुकानदार तुम्हाला सहा प्लायचे भारी चिखलाचे टायर दाखवेल, दिसायला राक्षस असतात, घेऊ नका. ते दबतच नाहीत, आणि खोल नक्षी भुसभुशीत बर्फात ड्रिल मशीनसारखी खाली जाते.

टायरवर चेन लावायच्या का

टणक बर्फ, गोठलेलं तळं, दाबलेला रस्ता असेल तर जरूर. खोल भुसभुशीत बर्फात नको, खोदतात. लावल्याच तर हवा कमी असल्याने चेन ढिल्या पडतात, मग रबरी ताण लावावा लागतो, आणि फेंडरला किंवा फ्रेमला घासत नाही ना हे चाक हाताने पूर्ण फिरवून बघायचं. एवढं पुरे.

रुंदी वाढवायची पद्धत

दोन प्रकार आहेत. एक स्पेसर, म्हणजे हब आणि रिमच्या मध्ये दोन-तीन इंचाचा तुकडा, यानं टायर बाहेर जातात आणि गाडी कमी उलटते. दुसरा डबल चाक, मागे प्रत्येक बाजूला अजून एक रिम नळीचा तुकडा घालून लांब बोल्टने जोडायचा, ट्रकला असतात तशी. यात बर्फावर तरंगणं खरोखर वाढतं, पहिल्यांदा चालवली तेव्हा मी हसलोच, गाडी वरून चालली होती. पण ती वळतच नाही. एक तर मागचा दांडा अखंड, त्यात चार रुंद टायर सरळ ढकलतायत आणि पुढे एकटं बिचारं चाक. शिवाय अ‍ॅक्सलच्या बेअरिंगवर ताण फार येतो. करायचंच असेल तर आधी गाडी जॅकवर घ्या, मागचं चाक वर-खाली हलवून बघा, खडखड आली तर बेअरिंग आधी बदला, मग पुढचे लाड. नवशिक्यांनी पहिल्या वर्षी स्पेसरवर थांबा असं माझं मत.

पुढे स्की

सगळ्यांना यातच रस असतो. पुढचं चाक काढून तिथे स्की. कारण खोल बर्फात पुढचं चाक नांगरासारखं समोर ढीग गोळा करत जातं आणि मागच्या चाकांचा सगळा जोर तो ढीग ढकलण्यात जातो.

भंगारातून जुन्या स्नोमोबाईलची एक रुंद प्लास्टिकची स्की आणा, खाली धातूची धाव असलेली, कारण धावेशिवाय टणक बर्फात स्टिअरिंग वळवलं तरी गाडी सरळच जाते. स्कीवर दोन उभ्या पट्ट्यांचा घोडा बनवा, सहा एमएमचं लोखंड चांगलं, वेल्डिंग येत नसेल तर येणाऱ्याकडून करून घ्या, इथे जुगाड नको. घोड्याच्या वरच्या टोकाला भोक, त्यात बुश, आणि पुढच्या चाकाचाच अ‍ॅक्सल त्यातून आरपार. उंची मात्र नीट मोजा. चाक असताना अ‍ॅक्सल जमिनीपासून जेवढा वर होता तेवढाच स्की लावल्यावर यायला हवा, कमी पडला की गाडी नाक खाली घालून उभी राहते आणि चालवताना सगळा भार मनगटावर.

आता ज्यात मी चुकलो ते. स्की अ‍ॅक्सलभोवती मोकळी डोलते, डोलायला हवीच, चढ-उतारासाठी. पण मोकळी सोडली की उडीनंतर किंवा खड्ड्यात तिचं टोक खाली झुकतं आणि बर्फात घुसतं. माझं घुसलं. वेग जेमतेम पंधरा किलोमीटर असेल, गाडी जागच्या जागी थांबली, मी हँडलवरून पुढे जाऊन डोक्यापर्यंत बर्फात. लागलं काही नाही, पण चष्मा एप्रिलमध्ये सापडला. त्यामुळे घोड्याच्या मागे एक जाड रबराचा ठोकळा बसवा जो टोक कायम किंचित वर धरून ठेवेल, शिवाय टोकापासून फोर्कपर्यंत एक छोटा पट्टा बांधा, टोक ठरावीक मर्यादेखाली जाणारच नाही एवढ्या लांबीचा. आणि पुढचा ब्रेक आता नाही हे लक्षात ठेवा, त्याची केबल किंवा पाइप फोर्कला नीट बांधून टाका, नाहीतर स्कीत अडकते. डांबरी रस्त्यावर किंवा दगडांवर ही गाडी न्यायची नाही, धाव एका दिवसात घासून जाते.

स्की झेपत नसेल तर पुढचा टायरच रुंद ठेवून हवा कमी करा, सत्तर टक्के काम होतं.

पोटाखाली पत्रा

याकडे कोणी लक्ष देत नाही. गाडी रुतते म्हणजे बऱ्याचदा चाकं नाही, पोट टेकतं, फ्रेमच्या नळ्या आणि इंजिनचे कोपरे बर्फात अडकतात. पाव इंची जाड गुळगुळीत प्लास्टिकची शीट, भाजी चिरायचा पांढरा पाट असतो ना तसल्या मटेरियलची, इंजिनखालून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत लावा, पुढची कड वर वाकवून. मग पोट टेकलं तरी गाडी होडीसारखी घसरते. चेनवाल्या मॉडेलला मागचं स्प्रॉकेट सगळ्यात खाली लोंबतं, तिथेही झाकण हवं. फेंडरच्या आतल्या बाजूला आणि या शीटला स्वयंपाकाच्या तेलाचा स्प्रे मारा, बर्फ चिकटत नाही. आजोबांची युक्ती, बायकोची बोलणी खाऊन मी पण करतो.

चेनवाली गाडी असेल तर पुढचं स्प्रॉकेट एका दाताने लहान करा, तेराचं बारा केलं की आठेक टक्के ओढ वाढते, खर्च अगदी किरकोळ.

इंजिन, थंडी आणि पाणी

थंड हवा घट्ट असते, म्हणून मिश्रण पातळ पडतं, इंजिन अडखळतं. कार्ब्युरेटरमधला मेन जेट (पेट्रोल सोडणारं भोक) एक नंबर मोठा टाकून बघा, प्लग काढून रंग बघा, पांढरट असेल तर अजून एक. एअर फिल्टरच्या तोंडाशी उडालेला भुगा आत ओढला जातो, वितळतो आणि मग स्पंजचा गोठून दगड होतो, त्यामुळे तोंडावर बारीक जाळीच्या कापडाची पिशवी बांधा आणि दर थांब्याला झटका. इंजिनची ब्रीदर नळी (आतली वाफ बाहेर सोडणारी) खाली लोंबती असेल तर वर सीटखाली वळवून घ्या, कारण तिच्यात वाफेचं बर्फ झालं की आतला दाब ऑइल सीलवाटे बाहेर पडतो आणि एवढ्याशा नळीपायी इंजिन खोलायची वेळ येते. ऑइल ५डब्ल्यू-३० सारखं पातळ, पण ओल्या क्लचला चालणारं, मोटारसायकलचंच, कारचं इंधन-बचतवालं नको, क्लच घसरतो.

थ्रॉटलची केबल. ही गोष्ट मस्करीत घेऊ नका. केबलमध्ये पाणी शिरून गोठलं की अंगठा सोडला तरी थ्रॉटल उघडाच राहतो. हंगामाआधी केबल काढून वाळवा, पातळ तेल सोडा, आणि मनगटाला दोरी बांधायचा किल स्विच लावाच लावा. पडलात की दोरी निघते, इंजिन बंद. हँडलला मोठे कापडी मोजे लावा, कारण अंगठ्यानेच थ्रॉटल दाबायचा असतो आणि सगळ्यात आधी बधिर होतो तो अंगठाच.

चालवायची कशी

ज्यांनी रिक्षा जोरात वळताना एक चाक उचललेली बघितलीय त्यांना तीनचाकीचा स्वभाव सांगायला नको. वळणाच्या आतल्या बाजूला अंग झोकायचं, बाहेरच्या पायावर जोर द्यायचा, म्हणजे आतलं मागचं चाक हलकं होतं आणि मग गाडी वळते. पाय कायम पेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या खुंटीवर. मोटारसायकलची सवय असलेला माणूस तोल गेला की पाय खाली टेकतो, आणि इथे मागचं चाक बरोब्बर त्याच पायावरून जातं. तीनचाकीवर पाय मोडलेले बरेचसे लोक असेच मोडलेत.

बर्फात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला, एकसारखा हलका थ्रॉटल. चाक फिरतंय पण गाडी पुढे जात नाही असं वाटलं त्याच क्षणी सोडा. अजून दोन सेकंद दाबलंत तर अर्धा फूट खड्डा, त्यात चाकाच्या उष्णतेने खाली काचेसारखा बर्फ, मग बसा फावडं घेऊन. उतरा, समोरचा बर्फ पायाने दाबा, मागचा भाग उचलून फूटभर बाजूला ठेवा, आणि गाडीबरोबर चालत चालत हळू थ्रॉटल द्या. चढावर थांबू नका, थांबायचं तर तोंड उताराकडे.

सगळ्यात मोठी युक्ती फुकटची आहे. दाबलेला बर्फ काही तासांत आपोआप जोडला जातो, कण एकमेकांना चिकटून टणक होतात. म्हणून नवीन वाटेवर आदल्या संध्याकाळी स्नोशू (बर्फावर चालायचे रुंद जाळीचे जोडे) घालून एक चक्कर मारा किंवा गाडीने जमेल तेवढं दाबून या, रात्रभर राहू द्या, सकाळी त्याच वाटेवर गाडी पळते. दोन फूट डावी-उजवीकडे गेलात की परत गोता. मात्र स्नोमोबाईलसाठी सपाट करून ठेवलेल्या ट्रेलवर ही चाकं घालू नका, चर पडतात आणि लोक योग्य कारणासाठी शिव्या घालतात. मिशिगनमध्ये हेल्मेट आणि ओआरव्हीचं (रस्त्याबाहेर चालवायच्या गाडीचं) लायसन्स स्टिकर दोन्ही लागतं.

गोठलेल्या तळ्यावर जाणार असाल तर बर्फ भोक पाडून मोजा. मिनेसोटाचं नैसर्गिक संसाधन खातं चालायला ४ इंच आणि छोट्या एटीव्हीला ५ ते ७ इंच स्वच्छ, नवीन बर्फ सांगतं, पांढरा धुरकट असेल तर दुप्पट. बिग रेडसारखी जड गाडी असेल तर मी त्याहून जास्तच धरतो. आणि वर खोल बर्फ साचला असेल तर अजून सावध, तो गोधडीसारखा खालचा बर्फ जाड होऊ देत नाही, शिवाय वजनाने दाबून भेगांतून पाणी वर आणतो. वरून पांढरं शुभ्र दिसतं, खाली घोटाभर पाणी-बर्फाचा गाळ. त्यात थांबलात की गाळ चाकांभोवती गोठतो, आजोबांची ११० अशीच दोन रात्री तळ्यावर मुक्कामाला होती, शेवटी कुऱ्हाडीने सोडवली.

परत आल्यावर गाडी तशीच लावून घरात पळू नका. शेवटचे शंभर मीटर ब्रेक हलके दाबत या म्हणजे ड्रम गरम होऊन आतलं पाणी उडतं. पार्किंग ब्रेक लावायचा नाही, नाहीतर लायनर ड्रमला चिकटून गोठतात आणि सकाळी चाक फिरत नाही. चाकांखाली दोन फळ्या टाका, स्कीखाली एक. बॅटरी काढून घरात न्या. आणि सकाळी निघताना गेज खिशात आहे ना बघा, कारण रात्रीतून पारा अजून दहा डिग्री उतरलेला असतो.